नुसती माणसं बघत फिरणारी बाई

अकरा वर्षं मी या दुकानाच्या दारावर आहे आणि मला माणसांची तोंडं लक्षात राहत नाहीत. पिशव्या राहतात. समोरून हसत येणारा माणूस कोण, हे मला सांगता येणार नाही. पण त्याच्या काखेतल्या तपकिरी पिशवीची चेन मागच्या वर्षीही तुटकीच होती, हे मी शपथेवर सांगेन. आमची बायको म्हणते, बाजारात आपली चुकामूक झाली तर तुम्ही मला नाही, माझ्या हातातल्या पिशवीला हाका माराल. म्हणू दे.

दुकान चार मजली. तळाला भांडीकुंडी आणि घरसामान, पहिल्या मजल्यावर बायकांचे कपडे, दुसऱ्यावर पुरुषांचे आणि मुलांचे. तिसऱ्यावर गोदाम, ऑफिस आणि अलीकडे कॅमेऱ्यांची खोली. माझं काम दोन प्रकारचं. गिऱ्हाईक बाहेर पडताना दारातलं मशीन वाजलं किंवा वरून निरोप आला, की त्याला थांबवून पिशवी बघायची. आणि दुकानातली माणसं घरी निघाली, की त्यांच्याही पिशव्या बघायच्या. पहिल्या कामात गंमत असते. एक बाई ट्रायल रूममध्ये जाताना काडी होती, बाहेर आली ती भोपळा होऊन. अंगात एकावर एक पाच स्वेटर. वर मलाच म्हणते, "थंडी किती पडलीय बघा ना!" दुसऱ्या कामात मात्र गंमत नाही. जो माणूस रोज तुमच्या डब्याचं झाकण उघडून आत डोकावतो, त्याच्याशी चार शब्द कोण बोलणार? मीही मग कोणाच्या अध्यात ना मध्यात.

अशा माझ्याशी बोलणारं दुकानात एकच माणूस होतं. बाई.

बाईंचं काम गिऱ्हाईक होण्याचं. पगार दुकानाचा, सोंग गिऱ्हाइकाचं. दहा वाजता दुकान उघडलं की त्या चारचौघींसारख्या पुढच्या दारानं आत यायच्या आणि टोपली उचलायच्या. मग दिवसभर या मजल्यावरून त्या मजल्यावर. एक उशीचा अभ्रा टोपलीत टाकायचा, दोन काढायचे, तिसऱ्याचा रंग खिडकीजवळ नेऊन बघायचा, नाक मुरडायचं, परत ठेवायचा. आणि सगळा वेळ लक्ष दुसरीकडे. कोण काय उचलतं, कोणाच्या खिशात काय जातं, काउंटरवरची पोरगी ओळखीच्यांना काय देते. गिऱ्हाइकांवर नजर आणि नोकरांवरही. एवढ्या वर्षांत त्यांनी हजारो वस्तू हाताळल्या असतील, पण स्वतःसाठी साधा रुमाल कधी घेतला नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "हलवायाला गोड खावंसं वाटतं का हो, भाऊ?"

त्यांच्या कामाचा नियम असा, की दुकानातल्या कोणाशी बोलायचं नाही, कोणाबरोबर डबा खायचा नाही आणि कोणी त्यांना ओळख दाखवायची नाही. दुकानात उभं राहून त्यांच्याबद्दल कोणाला विचारायचंही नाही, कारण ऐकणारा चोर असला तर त्याला पत्ता लागायचा. तसं तर नव्या माणसाला आठवड्यात सगळं कळायचं. मग त्या समोरून आल्या की काउंटरवरच्या पोरी एकमेकींना कोपर मारून कुजबुजायच्या, "घार आली." बाईंना ते ठाऊक होतं. नावाचं त्यांना काही वाटत नसे. पोरी हसत असायच्या आणि आपण जवळ गेलो की गप्प व्हायच्या, त्याचं वाटायचं. तेवढ्यासाठी त्या कधी कधी लांबचा जिना घ्यायच्या.

नावडत्या दोघांची गट्टी जमायला वेळ लागत नाही. जिन्याखाली, माझ्या स्टुलाच्या मागं, हरवलेल्या छत्र्या ठेवायची एक जागा आहे. तिथं आम्ही डबा खायचो. तिथंच मला त्यांची विद्या कळली. "भाऊ," त्या सांगायच्या, "माल बघतो तो गिऱ्हाईक. माणसं बघतो त्याच्या मागं राहायचं. ज्याला काही घ्यायचंय तो घासाघीस करेल, उलटंपालटं करेल, बायकोशी भांडेल. पण ज्याला उचलायचंय, तो मालाकडे ढुंकून बघणार नाही. तो बघणार, कोण आपल्याकडे बघतंय."

आणि दुसरी विद्या विचारण्याची. कोणी वस्तू खिशात टाकताना दिसला, की बाई आरडाओरडा करत नसत, मला खूणही करत नसत. आधी जवळ जाऊन, आपणही गिऱ्हाईकच असल्यासारखं, मऊ आवाजात विचारायच्या, "काही शोधताय का?" एवढंच. एकदा चांगला टाय लावलेले, देवमाणूस दिसणारे आजोबा चहाची गाळणी कोटाच्या खिशात घालून निघाले होते. बाई शेजारी जाऊन म्हणाल्या, "काही शोधताय का? गाळण्या ना? मलाही हवी आहे, यातली कुठली टिकते हो?" आजोबांचा चेहरा पांढराफटक. खिशातून गाळणी काढली, म्हणाले, "ही... ही बरी वाटते," आणि ठेवली जागेवर. नंतर कितीतरी वर्षं ते येत राहिले आणि रीतसर बिल करून सामान नेत राहिले. बाई म्हणायच्या, "माल जागेवर गेला, माणूसही जागेवर राहिला. आणखी काय पाहिजे?"

पण हे गिऱ्हाइकांसाठी. नोकरांसाठी मालकांचा नियम वेगळा होता. दुकानातलं माणूस चोरी करताना दिसलं की विचारायचं नाही, सावध करायचं नाही, सरळ ऑफिसात जाऊन सांगायचं. बाईंनी तो नियम अगदी तंतोतंत पाळला, तो एकदाच. त्यानंतर कधी पाळला नाही. त्या एकदाचीच ही गोष्ट.

बाईंना एक धाकटी बहीण. आई गेली तेव्हा बाई एकवीस वर्षांच्या आणि धाकटी आठ. वडील आधीच गेलेले. बाईंनी लग्नाचा विचार पुढं ढकलला, मग तो पुढंच राहिला. धाकटीच्या वेण्या घालणं, तिच्या तापाच्या रात्री, तिची पुस्तकं, सगळं यांनीच. ती मोठी झाल्यावर यांनीच मालकांकडे शब्द टाकून तिला दुकानात लावलं. मुलांच्या कपड्यांच्या काउंटरवर, बिलं करायला. बाई म्हणायच्या, त्या वर्षभरात मला दुकान घरासारखं वाटायचं. बोलायचं नव्हतंच, नियम होता. पण दिवसातून चार वेळा तिच्या काउंटरवरून जायचं, आणि तिनं गिऱ्हाइकाला म्हणावं तसं "या ना, मॅडम," म्हणायचं, आणि दोघींनी हसू दाबायचं.

एक दिवस धाकटीची मैत्रीण आली. नवरा सोडून गेलेला, पदरात तीन पोरं, थंडीचे दिवस. मैत्रिणीनं तीन स्वेटर काउंटरवर ठेवले. धाकटीनं एकाचं बिल केलं आणि तिन्हीचे टॅग काढून तिन्ही पिशवीत घातले. बाई समोरच्या आरशातून बघत होत्या.

"दहा पावलं होती हो," बाई मला सांगायच्या. "दहा पावलं गेले असते आणि म्हटलं असतं, काही शोधताय का, तर तिनं माझ्याकडे बघितलं असतं आणि बाकीच्या दोघांचं बिल केलं असतं. मीच भरले असते नंतर. पण मला वाटलं, लोक म्हणतील बहिणीला पाठीशी घातलं. रस्त्यावरच्या परक्या माणसाला मी विचारत होते. तिला नाही विचारलं. दहा पावलं सोडून अख्खा एक जिना चढले आणि ऑफिसात जाऊन सांगितलं."

धाकटीची नोकरी तिथल्या तिथं गेली. सगळ्यांसमोर तिला दारापर्यंत आणलं, पिशवी उलटी केली. मी तेव्हा नव्हतो, माझ्या आधीचा दारवाला होता. घरी आल्यावर धाकटी भांडली नाही, रडली नाही. बॅग भरताना एवढंच म्हणाली, "मी चुकले, ताई. पण तू मला एकदा विचारायचं होतंस." आणि गेली. कुठल्या गावी गेली, कोणाशी लग्न केलं, कशी आहे, काही पत्ता नाही. अकरा आणि तीन, चौदा वर्षं झाली.

दोघी राहत होत्या ती इमारत पुढं पाडली. बाईंना दुसरीकडे खोली घ्यावी लागली. तेव्हापासून त्यांच्या जिवाला एकच घोर लागला. गुडघे गेले, डॉक्टर म्हणाले जिने बंद करा. मालकांनी स्वतः सांगितलं, आता आराम करा. बाई काही ऐकेनात. मी चिडून विचारलं, "या उभ्या नोकरीत तुमचं काय सोनं लागून राहिलंय?" तर म्हणाल्या, "भाऊ, जुनं घर राहिलं नाही. आता धाकटीला माझा ठावठिकाणा असा हा एकच. मी इथून गेले तर ती मला शोधणार कुठं?"

आणि धाकटी येणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. डबा उघडायच्या आधी त्या मला रोज विचारायच्या, "आज कोणी आलं होतं का विचारत?" मी म्हणायचो, नाही. त्या म्हणायच्या, "बरं." आणि जेवायला लागायच्या. अकरा वर्षं. मी दारवाला माणूस, मन घट्ट करायची मला सवय आहे, पण ते "बरं" ऐकलं की मी डब्यात तोंड घालायचो. कधी कधी खोटंच सांगावंसं वाटे, की आली होती, तुम्ही वर होता, परत येते म्हणाली.

मग नवा मॅनेजर आला आणि त्यानं कॅमेरे आणले. बत्तीस कॅमेरे, तिसऱ्या मजल्यावर खोली, भिंतभर पडदे. बाईंचे गुडघे बघून त्यानं त्यांना तिथं बसवलं. हातात वॉकीटॉकी दिला, तसाच एक मला. आता बाईंनी वरून बघायचं आणि संशय आला की दारावर कळवायचं. विचारायला खाली कोण जाणार? खुर्ची सोडायची तर बदली माणूस आल्याशिवाय सोडायची नाही, हा मॅनेजरचा पहिला नियम. बाई म्हणाल्या, "भाऊ, आता मी उंटावरून शेळ्या हाकायच्या. आणि दिसतं काय, तर लोकांच्या टाळू. चारशे टाळू बघते रोज. कोणाला टक्कल पडायला लागलंय, ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं." हसलो आम्ही. पण पुढचं वाक्य त्या हळू बोलल्या. "कोणाचं तोंड दिसत नाही हो."

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला माझा वॉकीटॉकी खरखरला.

"दारावर. भाऊ, करडा कोट, डोक्याला निळा स्कार्फ, काखेत कापडी पिशवी. दीड तास फिरतेय. तिन्ही मजले झाले, दोनदा. एका वस्तूला हात लावला नाही. नुसती माणसं बघतेय. बायकांच्या मागं मागं जाते, अगदी जवळ जाऊन बघते आणि सरकते. आता जिना उतरतेय. पिशवी बघून घ्या."

मी सावरून उभा राहिलो. करडा कोट आला. मशीन वाजलं नाही. मी नेहमीच्या पद्धतीनं हात आडवा केला आणि म्हटलं, "मॅडम, जरा पिशवी बघू."

ती थांबली. दचकली नाही. कशाला, का, असं काही विचारलं नाही. पिशवी काखेतून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि स्वतःच बंद सोडले. जणू कोणीतरी हे करायला सांगणार, हे तिला माहीतच होतं. चष्म्याची पेटी. पाण्याची बाटली. गोळ्यांचं पाकीट. दोन संत्री. विणायला घेतलेलं काहीतरी, सुयांसकट. परतीचं तिकीट, साडेपाचच्या गाडीचं. आमच्या दुकानातली एकही वस्तू नाही. मी सगळं परत भरायला लागलो, तोवर वॉकीटॉकी पुन्हा बोलला.

"काय मिळालं?"

ती बाई जागच्या जागी ताठ झाली. माझ्या कमरेकडे, त्या यंत्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या... ह्या कुठं बसतात?"

मी आपला सवयीनं गुरगुरलो, "ते सांगता येत नाही."

"मी सगळे मजले बघितले हो," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "ती गिऱ्हाईक होऊन फिरते ना. म्हणून एकेक बाई जवळ जाऊन बघितली. कोणाला विचारता येत नाही, नियम आहे तिचा. विचारलं तर तिचं काम बिघडतं. मला वाटलं, नोकरी सोडली असेल. मला वाटलं, गेलीच असेल. पण हा आवाज माझ्या ताईचा आहे."

चौदा वर्षं बाईंनी जिची वाट बघितली ती धाकटी दारात उभी, आणि मी तिची संत्री मोजून परत पिशवीत टाकत होतो. अकरा वर्षं मी त्या प्रश्नाला "नाही" म्हणालो, आणि आज ती आली तर विचारत आलीच नाही. नियम पाळून आली. माणसं बघत फिरली, कारण तिला माणूसच हवं होतं.

वरून यंत्रातून बाई विचारतच होत्या. "भाऊ? काय मिळालं? ऐकू येतंय का?"

मी वॉकीटॉकी काढला, बटण कसं दाबायचं ते दाखवलं आणि तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला. बटण दाबलं. मग म्हणाली,

"ताई, काही घेतलं नाही गं मी."

मी तिचं बोट बटणावरून हलकेच उचललं, नाहीतर उत्तर येणार कसं? खरखर ऐकू येत राहिली. उत्तर आलं नाही.

"वर आहे का ती? मला बघतेय?" मी छताखालच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. तिनं स्कार्फ सोडला आणि तोंड वर करून कॅमेऱ्याखाली उभी राहिली. तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. लोक येत होते, जात होते, तिला वळसा घालत होते. मशीन दोनदा वाजलं, मी वाजू दिलं. मी मनात जिने मोजत होतो. तिसरा मजला, गुडघे दुखतात, हळू उतरतील, धरून धरून. पाच मिनिटं. दहा मिनिटं. जिन्यावर पाऊल वाजलं की आम्ही दोघं तिकडं बघायचो. कोणी भलतंच असायचं.

शेवटी तिनं घड्याळ बघितलं. माझ्याकडून कागद मागून घेतला, पत्ता लिहिला. "नवरा आजारी आहे, रात्री त्याला एकटं सोडता येत नाही," म्हणाली. "तिला सांगा, मी रागावलेली नाही." मग पुन्हा एकदा वर बघितलं आणि गेली.

मी दार तसंच सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा. तीन मजले चढून कॅमेऱ्यांच्या खोलीत गेलो, दार ढकललं आणि संतापून ओरडलोच, "बाई, उतरला का नाहीत तुम्ही?"

बाई खुर्चीत होत्या. बत्तीस चौकोनांऐवजी भिंतभर एकच चौकोन मोठा केलेला होता, माझ्या दाराचा. त्यात आता कोणी नव्हतं. त्या तिथंच बघत होत्या.

"बघत होते ना मी तिला," त्या म्हणाल्या. "सगळा वेळ बघत होते. बटण दाबवेना, पाय उचलेना. काय तोंड घेऊन उतरू, भाऊ? तिनं चोरी केली तेव्हा मी विचारलं नाही. तिनं चोरी केली नाही, तेव्हाही विचारलं नाही. दोन्ही वेळा दारात उभं केलं आणि पिशवी उलटी करायला लावली."

मी पत्ता त्यांच्या हातात दिला, तिचा निरोप सांगितला. त्यांनी कागद घडी घालून चष्म्याच्या पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

पुढचा महिनाभर मी त्या बाईंवर जेवढा चिडलो तेवढा बायकोवर तीस वर्षांत चिडलो नाही. पत्ता हातात असून या जात नव्हत्या. आज मालाची मोजणी आहे, उद्या मॅनेजर येणार, परवा गुडघा. खरं कारण मला लवकरच कळलं. कॅमेऱ्यात त्या दिवसाचं सगळं चित्र साठवलेलं होतं. धाकटी जिन्यानं चढते, हिंडते, दारात येते, कॅमेऱ्याखाली उभी राहते. बाई रोज जेवणाच्या सुट्टीत ते लावून बघायच्या. जिन्याखाली येणंच बंद केलं त्यांनी. मी डबा घेऊन वर जायचो, तर पडद्यावर धाकटी आणि समोर बाई, डबा तसाच. "बघा भाऊ, इथं ती पुरुषांच्या कोटांपाशी थांबली. एका बाईकडे किती वेळ बघितलं बघा. पाठमोरी माझ्यासारखी दिसत असेल." मी म्हणायचो, "अहो, जितीजागती बहीण तीन तासांवर आहे!" त्या म्हणायच्या, "जाईन हो." धाकटीनं दार उघडलं आणि आपल्याला शब्द फुटला नाही तर, ही भीती. पडद्यावरची धाकटी काही विचारत नव्हती. तिच्याकडे पोटभर बघता येत होतं.

पण साठवलेलं चित्र तीस दिवस राहतं. एकतिसाव्या दिवशी यंत्र आपोआप पुसतं. बाईंनी यंत्रवाल्याला विचारलं, एवढं एक ठेवता येईल का? तो म्हणाला, येईल की, चोरीची नोंद असेल तर वर्षभर ठेवतो. एक फॉर्म आहे, तो भरून द्या.

तिसाव्या दिवशी दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. टेबलावर तो फॉर्म. तारीख भरलेली, वेळ भरलेली, कॅमेऱ्याचा नंबर, वर्णन: करडा कोट, निळा स्कार्फ. एकच रकाना कोरा होता. काय चोरलं?

"एक शब्द लिहायचा, भाऊ," बाई म्हणाल्या. पेन हातात होतं. "मोजा लिहिलं तरी चालेल. हातरुमाल लिहिलं तरी. कोणी बघत नाही हे कागद. वर्षभर राहील ती माझ्याजवळ."

मला बोलायला खूप होतं. महिनाभर साठलं होतं. पण मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. पेनाचं टोक कागदाला टेकायचं आणि उचललं जायचं.

मग त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "यात तोंड नीट दिसत नाही हो तिचं. वर बघते तेव्हाही उजेड येतो मध्ये. तुम्ही समोर होता. कशी दिसते ती आता?"

मला कोणाची तोंडं लक्षात राहत नाहीत, पण ते राहिलं होतं. मी म्हटलं, "तुमच्यासारखी."

"माझ्यासारखी?" त्यांना आधी हसू आलं. मग डोळे भरले. "म्हणजे म्हातारी झाली की हो ती. मी आपली अजून वेण्या शोधतेय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. फॉर्मचे चार तुकडे केले, कोटाच्या खिशात घातले. चष्म्याच्या पेटीतून पत्ता काढला आणि वाचला. मग खुर्चीचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साडेपाचची मिळेल ना?"

"अहो, पण बदली माणूस..." माझ्या तोंडून गेलं. मेली सवय.

"मिळेल ना, विचारतेय मी."

"मिळेल," मी म्हटलं.

एकेक पायरी तिरक्या होऊन त्या उतरल्या. मी पुढं होतो, पडल्या तर धरायला. दुसऱ्या मजल्यावर मुलांच्या कपड्यांच्या काउंटरपाशी थांबल्या. पहिल्या मजल्यावर उतरून एका लोकरीच्या शालीचा पोत बोटांनी बघितला, उजेडात धरली, नाक मुरडलं नाही. बिल केलं. काउंटरवरची पोरगी आ वासून घारीकडे बघत राहिली. मी दारात पोचलो तेव्हा त्या शालीची पिशवी छातीशी धरून माझ्या समोरून पुढच्या दारानं बाहेर पडल्या. भर दुपारी, गर्दीतून, आणि मागं वळल्या नाहीत.

तिथं काय झालं ते मला ठाऊक नाही. दार उघडलं का, कोणी आधी काय बोललं, बोलायला जमलं का. मी दारवाला, माझी हद्द या दारापर्यंत. त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या तेवढं मी बघितलं, आणि मला माझ्या गावच्या भावाची, ज्याच्याशी मी नऊ वर्षं बोललो नाही, एकदम फार आठवण आली.

तेवढ्यात कमरेचं यंत्र खरखरलं. मॅनेजरचा आवाज होता, चढलेला.

"कॅमेऱ्यावर कोण आहे? अरे, कॅमेऱ्यावर कोण आहे?"

मी बटण दाबलं आणि म्हटलं, "कोणी नाही."